घरच्या मैदानाचा गुणांक

सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या, मी रस्ता ओलांडत होते, आणि पहिल्याच रांगेतल्या बसच्या काचेला कपाळ टेकवून झोपलेला माणूस माझा धाकटा भाऊ आहे हे लक्षात येऊन मी भर रस्त्यात थांबले. मागून येणारा एक गृहस्थ माझ्यावर आदळला आणि "अहो बाई, चला की!" म्हणून पुढे गेला. मी बसजवळ जाऊन काचेवर टकटक केलं. भाऊ दचकून उठला. झोपेतून उठला की तो अजूनही आधी रागावल्यासारखा दिसतो आणि मग ओळखतो. त्याने काच सरकवली. "अगं ताई! तू इथे कुठे?" "ऑफिसला. पण तू एवढ्या सकाळी?" "मॅच आहे ना आज संध्याकाळी, आधी तिथे सराव. होम मॅच," तो म्हणाला आणि हसला, आणि त्याच्या मागच्या सीटवरचं कुणीतरी पोरगंही हसलं. "घरी पोचायला अडीच तास लागतात आम्हाला," ते पोरगं म्हणालं. मग सिग्नल सुटला, मागच्या टॅक्सीने कर्कश हॉर्न दिला, मी पदपथाकडे पळाले. भावाने खिडकीतून हात बाहेर काढून फोन करतो अशी खूण केली. बस वळली. मी मात्र तिथेच, फळवाल्याच्या हातगाडीला धरून उभी. तो म्हणाला, "काय देऊ?" मला काहीच नको होतं, पण लाज वाटून मी अर्धा किलो संत्री घेतली.

यात हादरण्यासारखं काय आहे असं कुणीही म्हणेल. भाऊ फुटबॉल क्लबचा कोच, मॅचला चाललाय, बहीण रस्त्यात भेटली, खरं तर आनंद व्हायला हवा. पण होम मॅच म्हणजे घरच्या मैदानावरची मॅच, आणि घरच्या मैदानावर खेळायला निघालेला संघ पहाटे उठून बसमध्ये का झोपलेला असतो, हे सबंध शहरात माझ्याइतकं नीट कुणालाच सांगता आलं नसतं. आणि ते मी कुठेही सांगितलेलं नव्हतं. दुपारी तीन वाजता लीगच्या मंडळाची बैठक होती. तिथे जो अहवाल ठेवायचा होता तो माझा होता, पहिल्या पानापासून शेवटच्या तळटीपेपर्यंत.

मी लीगच्या कचेरीत आकडेमोड करते. लोकांना वाटतं, फुटबॉल लीगमध्ये नोकरी म्हणजे मजा, फुकट तिकिटं, खेळाडूंशी ओळखी. कसलं काय! तिसऱ्या मजल्यावर झेरॉक्स मशीनच्या शेजारी माझं टेबल आहे आणि खेळाडू मला फक्त रकान्यांत भेटतात. माझं काम चुरस मोजणं. चुरस कशी मोजायची, हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतं, आणि मीही हौसेने सांगते. समजा सगळे क्लब अगदी सारखे असते, प्रत्येक मॅच म्हणजे नाणं उडवल्यासारखं, तरीसुद्धा मोसमाच्या शेवटी कुणीतरी वर असतं आणि कुणीतरी तळाला, निव्वळ नशिबाने. कॉम्प्युटरला असे हजारो खोटे मोसम खेळायला लावायचे, त्यात वरचे आणि खालचे यांच्यात किती अंतर पडतं ते बघायचं, आणि मग खऱ्या मोसमातलं अंतर त्याच्या किती पट आहे ते काढायचं. एक पट आली तर चुरसच चुरस. आमची जवळजवळ दुप्पट आली होती. म्हणजे कोण जिंकणार हे शेंबड्या पोरालाही आधीच माहीत. टीव्हीवाले कंटाळले होते, स्टँड रिकामे पडत होते. तेव्हा मंडळाने ठरवलं, की सोळाचे चौदा क्लब करायचे, सगळ्यात दुबळे दोन वगळायचे, आणि ते दोन कोणते हे कुणाच्या मर्जीवर नको, आकड्यांवर ठरू दे. आकडे म्हणजे मी. गेल्या पाच मोसमांचे सगळे निकाल घालून मी प्रत्येक क्लबाच्या ताकदीचा एक आकडा काढला, आणि सगळ्यांना मिळून एक घरच्या मैदानाचा गुणांक. आपलं गवत, आपली माणसं, आपल्या बिछान्यात झोपून उठणं, या सगळ्याचा मिळून जो फायदा होतो तो. तळाचे दोन निघाले. त्यातला वरचा, म्हणजे पंधरावा, माझ्या भावाचा क्लब.

आता खरी गोष्ट. दोन मोसमांपूर्वी भावाच्या क्लबाच्या स्टेडियममध्ये स्टँडच्या खांबांना तडे गेले आणि नगरपालिकेने सगळ्या दारांना कुलपं घातली. तेव्हापासून ते शहराबाहेर लांब कुठेतरी भाड्याच्या मैदानावर होम मॅच खेळतात. तिथले प्रेक्षक त्यांचे नाहीत, बऱ्याचदा प्रेक्षकच नसतात. पण लीगच्या नियमाप्रमाणे मैदान ज्याने घेतलं तो यजमान, म्हणून माझ्या फाइलीत यजमानाच्या रकान्यात त्यांचंच नाव. मॉडेल, म्हणजे हे आकडे काढणारं कॉम्प्युटरमधलं गणित, बिचारं आज्ञाधारक. त्याला दिसतं ते एवढंच, की हा क्लब घरच्या मैदानावरसुद्धा हरतो, म्हणजे हा फारच दुबळा असणार. जो फायदा त्यांना मिळालाच नाही तो त्यांच्या नावावर टाकून मॉडेल त्यांची ताकद कापत राहिलं, मॅचमागून मॅच. बरं, हे मला सुचलं नव्हतं असंही नाही. पाच मोसमांत आणखी एक असंच प्रकरण होतं. वरच्या नंबरातल्या एका बड्या क्लबाच्या प्रेक्षकांनी दंगा केला होता आणि त्यांना अर्धा मोसम रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायला लावलं होतं. त्या मॅचना मी घरचा फायदा शून्य धरला, खाली एक टीप टाकली. कुणी मागितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. चहा गार व्हायच्या आत झालेलं काम. आणि मग यादीत पुढे माझ्या भावाच्या क्लबाच्या मॅच आल्या, आणि माझा हात थांबला.

का थांबला हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते पाठ झालंय. काम हातात घेतलं तेव्हाच मी साहेबांना म्हटलं होतं, "तळाच्या क्लबांची भानगड आहे, आणि माझा सख्खा भाऊ त्यातल्या एका क्लबाचा कोच आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या." साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख, सज्जन माणूस, बोलताना चष्मा पुसतात. ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला देतोय. तुम्ही आहात म्हणजे मला काळजी नाही." अहाहा! काय गोड वाटलं ते. घरी येऊन आरशात बघून केस नीट केले मी त्या दिवशी. आणि मग त्या ओळींवर आले तेव्हा डोक्यात आलं, की मी इथे हात लावला तर लोक काय म्हणतील. भावासाठी टीप टाकली म्हणतील. नियमात यजमान म्हटलंय, फाइलीत यजमान म्हटलंय, तर मी कोण लागून गेले? म्हणून मी ती फाइल जशी होती तशी ठेवली आणि पुढे गेले. दुसऱ्या कुठल्याही क्लबासाठी जे डोळे मिटून केलं असतं ते भावासाठी केलं नाही, आणि त्याला मी सचोटी म्हणत होते, निर्लज्जासारखी.

आमच्या घरी एक रीत होती. वाटणारीने शेवटी घ्यायचं. सफरचंद असो, केक असो, आई सुरी माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, तू मोठी, तू वाट. चुलतभावंडं सुट्टीला आली की मी फोडी करायचे, सगळ्यांसमोर थाळी धरायचे, आणि उरलेली फोड माझी. आईला वाटायचं, अशाने पोरगी न्यायाने वाटायला शिकेल. शिकलेही. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकले, जी आईच्या कधी लक्षात आली नाही. थाळी फिरवताना मी ती अशी वळवायचे की सगळ्यात बारकी फोड धाकट्याच्या समोर यायची. तो माझा होता ना. माझ्या माणसाला कमी आलं की बाकीचे माझ्याकडे कसे बघायचे! काकू म्हणायची, "हिचं बाकी कौतुक हं, आप-पर नाही पोरीला." त्या वाक्यासाठी मी त्याच्या वाट्याचं किती काय देऊन टाकलं असेल. इमारतीच्या मागच्या आवारात पोरं फुटबॉल खेळायची तेव्हा मला रेफ्री करायची, कारण भांडण झालं की ताईचा शब्द शेवटचा. एकदा धाकट्याने मारलेला बॉल दोन विटांच्या आतून सरळ गेला. मला स्वच्छ दिसलं. समोरच्या पोरांनी गलका केला, नाही नाही, विटेवरून गेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी म्हटलं, गोल नाही. समोरची पोरं "ताई खरी, ताई खरी" म्हणून नाचली. धाकटा नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभा राहिला आणि मग ओल्या केसांनी परत खेळायला आला. त्याने आईकडे चुगली केली नाही. त्याला वाटलं असणार, ताईला विटेवरूनच गेलेला दिसला असेल. तो मला कधीच खोटी समजला नाही, हीच तर माझी पंचाईत आहे.

ऑफिसात पोचले, संत्री टेबलावर ठेवली आणि पर्ससुद्धा खांद्यावरून न काढता फाइल उघडली. भावाच्या क्लबाच्या भाड्याच्या मैदानावरच्या सगळ्या मॅचना घरचा फायदा शून्य धरला, बड्या क्लबाला धरला होता तसाच, आणि मॉडेल पुन्हा चालवलं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. शेजारी झेरॉक्स मशीन खडखडत कुणाचे तरी कागद ओकत होतं. खरं सांगते, मी मनात म्हणत होते की देवा, काही बदलू नकोस. पंधरावा पंधरावाच राहू दे. म्हणजे मी सुटले. आकडे आले. भावाचा क्लब तेराव्या नंबरावर होता. पंधराव्या जागी एक दुसराच क्लब आला होता, ज्याच्याबद्दल मला एवढंच माहीत की ते पिवळे शर्ट घालतात. त्यांचाही कुणी कोच असेल, त्याचीही कुणी बहीण कुठेतरी कांदा चिरत असेल. लगेच मला नवं निमित्त मिळालं. आता दुरुस्ती केली तर मी भावाला वाचवायला पिवळ्या शर्टवाल्यांना खड्ड्यात घातलं असं होईल. बघा, मन किती हुशार असतं! तळाची जागा त्यांचीच होती, ती मी इतके दिवस भावाला देऊन बसले होते, आणि तरी मला वाटत होतं की काही न करणं हे जास्त सभ्यपणाचं आहे. मी चुरशीचा मुख्य आकडा बघितला. जवळजवळ दुप्पट होता, तसाच्या तसा. एवढा मोठा प्रश्न, एवढं मोठं मंडळ, आणि दुरुस्तीने त्यात तसूभर फरक नाही. फरक पडत होता तो फक्त कोण जाणार यात.

साहेब दारात आले. चष्मा हातात होताच. "काय, तयारी?" म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, घरच्या मैदानाचं एक जरा बघायचं राहिलं होतं. ते बघत होते." "काही बदलतंय का? चुरशीचा आकडा?" "नाही. तो नाही बदलत." "मग झालं तर," ते म्हणाले, "नका एवढा जीव खाऊ स्वतःचा. जेवलात का?" मी हो म्हटलं. जेवलेही नव्हते. त्यांनी जे विचारलं त्याचं मी अगदी बरोबर उत्तर दिलं होतं. शाळेत असं उत्तर दिलं की पूर्ण मार्क मिळायचे. साहेब गेले, आणि मी तो नवा निकाल बंद केला. सेव्ह करू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी नको म्हटलं.

बैठकीची खोली पाचव्या मजल्यावर. लांब टेबल, गालिचा, पाण्याच्या बाटल्या, आणि एसी इतका गार की सगळे कोट घालून बसलेले. मी तक्ते दाखवले. आवाज कुठेही कापला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मध्ये एक सभासद म्हणाले, "पंधरावा आणि चौदावा यांच्यात फरक किती?" मी फरक सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे शंकेला जागा नाही." ते विचारत नव्हते, नुसते बोलत होते, पण त्या वाक्यानंतर खोली क्षणभर गप्प झाली होती. तेवढ्यात बोलायला जागा होती. सहज होती. एक साधं वाक्य पुरलं असतं, की एक दुरुस्ती राहिली आहे. मी पाणी प्यायले. मग अध्यक्ष उठले. स्वतः एके काळचे खेळाडू, गुडघे गेलेले, टेबलाला धरून उठतात. म्हणाले, "एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या बाईंचे सख्खे बंधू वगळल्या जाणाऱ्या क्लबाचे कोच आहेत. बाईंनी ते पहिल्या दिवशी सांगितलं आणि आज हा अहवाल आपल्यासमोर ठेवला. अशी माणसं या कचेरीत आहेत म्हणून लोक आपल्यावर विश्वास ठेवतात." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. साहेबांनी जरा जास्तच वाजवल्या. माझे कान तापले, आणि आई शप्पथ, त्या सगळ्या शरमेच्या तळाशी थोडं बरं वाटलं मला. अजूनही. या वयात. तेवढंच थोडं बरं वाटणं मला सगळ्यात जास्त घाण वाटतं. मी म्हटलं, "माझं कामच आहे ते." ठराव मंजूर झाला. क्लबांना हरकत घ्यायची असेल तर उद्या दुपारपर्यंत मुदत होती.

घरी आले. संत्री ऑफिसातच राहिली होती. दिवा लावला, पंखा लावला, चपला काढायच्या राहिल्या म्हणून परत दाराशी गेले आणि तिथल्या स्टुलावर बसूनच राहिले. फोन करायचा तर होता, पण काय बोलायचं? तो रागावण्याची मी वाट बघत होते, आणि तो रागावला की मग सोपं होईल असं वाटत होतं. आरडाओरडा करेल, तुला भावाची जरासुद्धा माया नाही म्हणेल, मग मी गप्प ऐकून घेईन, माझ्यातली ती न्यायी ताई पुन्हा ताठ बसेल. माझ्यासारख्या बाईला शिव्यासुद्धा पचतात, कारण त्यातही तिचा मोठेपणाच असतो. तेवढ्यात फोन त्याचाच आला.

"ताई, जिंकलो! दोन-एक!" त्याच्या आवाजात सकाळची झोप नव्हती. मागे गलका होता, भांडी आपटावीत तसे बूट आपटत होते. "वा!" मी म्हटलं. "कळलंय आम्हाला," तो म्हणाला, "ठरावाचं. मॅच सुरू व्हायच्या आधीच मेल आली. मी पोरांना नंतर सांगितलं, आत्ताच. रडले दोघंतिघं." मी पायातली चप्पल काढली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस हं," तो म्हणाला. "मला माहीतेय तुला किती जड गेलं असेल. मी सारखा तुझाच विचार करत होतो, त्या खोलीत उभी राहून कशी बोलली असशील." मी डोळे मिटले. "आमच्या क्लबाचा सेक्रेटरी हरकत घ्यायची म्हणत होता. वकिलाला पण फोन केला होता त्याने. मी म्हटलं, कशाला? आकडे माझ्या ताईने काढलेत. ती माझ्यासाठी एक आकडा वाढवायची नाही आणि एक आकडा कमीही करायची नाही. आपण कमी पडलो, मान्य करू या. ऐकलं त्यांनी माझं."

"हरकत घ्या," मी म्हटलं.

"काय?"

"हरकत घ्या. उद्या दुपारच्या आत. तुमच्या भाड्याच्या मैदानावरच्या मॅच मी घरच्या म्हणून मोजल्यात. तसं नको होतं करायला. तसं नाही केलं तर तुम्ही तेरावे येता."

मागचा गलका तसाच चालू होता. तो म्हणाला, "चूक झाली तुझ्याकडून? मग सांगू ना त्यांना. चूक काय, कुणाकडूनही होते."

किती सोपं करून देत होता तो! नुसतं हो म्हणायचं होतं. चूक झाली, राहून गेलं. तोही खूश, मीही मोकळी, आणि हरकतीच्या पत्रात सेक्रेटरीने माझं नाव आदराने घातलं असतं. मी हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"चूक नाही झाली," मी म्हटलं. "मला माहीत होतं. दुसऱ्या एका क्लबासाठी मी ते केलंय. तुमच्यासाठी नाही केलं. लोक म्हणतील, भावासाठी केलं, म्हणून. आज सकाळी मी आकडे काढून बघितले आणि तरीही बैठकीत बोलले नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी ऐकत बसले."

"मी दुसऱ्या कुणाचा भाऊ असतो तर?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता.

"तर पहिल्याच दिवशी केलं असतं."

"बरं," तो म्हणाला. कुणीतरी त्याला काहीतरी विचारलं, तो त्याला "थांब" म्हणाला. मग मला म्हणाला, "ताई, इथे सगळे बसलेत. दहा मिनिटांपूर्वी मी यांना सांगितलंय, की आपण खरंच कमी आहोत, रडू नका, आकडे खोटं बोलत नाहीत. आता मी काय सांगू यांना? मी नाही सांगणार. फोन स्पीकरवर टाकतो. तू सांग."

"आत्ता?"

"मग कधी?"

साहेब, अध्यक्ष, त्या टाळ्या, उद्याची कचेरी, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं, आणि मी म्हणणार होते की उद्या पत्र लिहून देते, रीतसर देते, तेच योग्य. पण बटण दाबल्याचा आवाज आला आणि ती सबंध खोली फोनमध्ये शिरली. कुणी नाक ओढत होतं, कुणी बाकड्यावर बूट आपटत होतं. हळूहळू सगळे गप्प झाले. "कोण आहे, कोच?" एका पोराने विचारलं. भावाने उत्तर माझ्यावर सोडलं.

"मी तुमच्या कोचची मोठी बहीण बोलतेय," मी म्हटलं, आणि घरच्या मैदानापासून सांगायला सुरुवात केली.